चकमक दुरुस्ती, एर्झुरुम

दार लाव आधी.
बाहेर वजा चोवीस,
पन्हाळीला बर्फाचे सुळे लोंबतायत
आणि तू विचारतोस, पेटत का नाही.

दाखव. हं, गॅसची.
मेलेली नाही, गारठलीय.
काखेत धर. हसू नकोस,
कोटाच्या आत, सदऱ्याच्याही आत.
ब्यूटेन असतं त्यात. दाबून बसवलंय
म्हणून पाण्यासारखं डुचमळतं,
फट मिळाली की वायू होऊन निसटतं.
पण शून्याच्या खाली
त्याला निसटावंसंच वाटत नाही.
(जानेवारीत इथे माणसांचंही तेच.)

तोवर चहा घे.
साखरेचा खडा दातात धर, चहा त्याच्यावरून जाऊ दे.
पेल्यात टाकून ढवळलास तर परका समजतील.

चाक नाही तुझ्या चकमकीला, खटका आहे.
आत चिमुकला हातोडा, त्याच्यासमोर एक खडा.
मार बसला की खडा वीज सांडतो.
माझ्या उस्तादाची शिकवणही हीच होती:
टाळक्यात हाणल्याशिवाय
पोराच्या डोक्यात उजेड पडत नाही.

ही धाकट्याने पाठवली, तुंजायने, डॉर्टमुंडहून.
फोनसारखी चार्ज करायची.
दोन टोकांमध्ये जांभळी रेघ, किर्र आवाज,
ना ज्योत, ना वास.
छान आहे.
बिघडली तर मला उघडता येत नाही.

ती दोरीवाली? मेंढपाळाची.
गॅस नाही, बेंझिन नाही,
चाक, ठिणगी आणि करंगळीएवढी सुताची दोरी.
पालांदोकेनवर वारा सुटला
की बाकीच्या सगळ्या माना टाकतात,
हिला मात्र वाऱ्यानेच जोर चढतो,
टोक लालभडक होतं.
विझवायची तर दोरी नळीत ओढून घ्यायची.
फुंकर मारलीस तर फसशील.

पितळीला हात लावू नकोस.
मुख्तार-चकमक म्हणतात हिला,
गावच्या कारभाऱ्याच्या खिशात असायची.
माझ्या सासऱ्यांची.
पोटात कापूस, कापसात बेंझिन, वर वात.
हिची खोड एकच:
पेटवा, नाहीतर फडताळात ठेवा,
आठवड्याभरात कोरडी.
झाकणाखालून उडून जातं, कुणाला न सांगता.
सासरे गेल्यावर नेझाहतने अकरा वर्षं
दर शुक्रवारी माझ्याकडून भरून घेतली.
घरात ओढणारं कुणी नाही.
मीही नाही, डॉक्टरने सोडवली.
ती एकदाच पेटवायची, बघायची, झाकण मिटायची.
कधी म्हणायची, दगड संपला.
दगड कसला तो, धातूच, पेन्सिलीच्या शिशासारखा,
चाकाने खरवडला की त्याचा भुगाच पेटतो.
पण तिला दगडच म्हणायचं होतं,
मग मीही दगडच बदलला.

नेझाहत नाही आता.
शुक्रवार येतो.
हाताचा बेंझिनचा वास साबणाने जात नाही,
मी फार घासतही नाही.

काढ बघू. खटका दाब.
पुन्हा. अंगठा नीट ठेव...
बघ! निळी बुडाशी, वर पिवळी.

पैसे? कसले?
मी काय केलं? ऊब तुझीच होती.
चहाचे तेवढे शेजारी दे, दोन पेल्यांचे,
आणि जाताना दार ओढून घे,
वारा त्या दोरीला मानवतो,
मला नाही.