टिंब

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गड्डमशेठच्या शेडवर
पत्र्याखालच्या माळ्यात बसून मी चादरींची नोंद लिहिते.
खाली अठरा माग. त्यातले सहा नायनांचे.
कीबोर्डचा आवाज मला स्वतःलाच ऐकू येत नाही.

पहिला आठवडाभर लिहायचे :
चादर, मग चौकोनी कंस उघडा, अवतरण उघडा,
रंग,
अवतरण मिटा, कंस मिटा.
एवढासा रंग विचारायला
सातबाऱ्यासाठी कचेरीत जावं तसं
चार दारांतून आत-बाहेर.

मग कळलं, टिंबही चालतं.
चादर.रंग
चादर.लांबी
चादर.विणकर.नाव
चा, ची, चे सगळे त्या ठिपक्यात मुरले.

जेवणाच्या सुट्टीत नायनांना दाखवलं.
शेंगाचटणीचं बोट सदऱ्याला पुसत म्हणाले,
"ह्यात नवं काय? आपल्या तेलुगूत
घराचं नाव म्हणायला 'चं' लागतंय कुठं?
इल्लू म्हणजे घर. पेरू म्हणजे नाव.
इंटिपेरू. झालं."
घर जरासं वाकतं,
नाव शेजारी येऊन बसतं.

"गाठसुद्धा तशीच मारायची," उठता उठता म्हणाले,
"फणीतनं जाताना फणीला कळू नये."

शुक्रवारी प्रोग्राम पडला.
लाल अक्षरं, अर्धा पडदा भरून.
जुन्या साठ्यातल्या एका चादरीला विणकरच नव्हता,
रकाना कोरा,
आणि मी त्या कोरेपणाला नाव विचारत होते.

उपाय एका खुणेचा : टिंबाआधी प्रश्नचिन्ह.
चादर.विणकर?.नाव
म्हणजे, असला कुणी तर सांग,
नसला तर बोभाटा नको, पुढं चल.
आई असंच विचारते. सुपातल्या विड्या मोजत,
मान वर न करता :
"पगाराचं काही... बोलले का शेठ?"

चादर गोदामातून वर मागवली.
नायनांनी ती उलटी केली, घडी मोडली,
डाव्या काठावरून अंगठा फिरवला. दोनदा.
"एल्लप्पाची. मेरगू एल्लप्पा.
ह्या बाजूला ताण जास्त द्यायचा. सांगून सांगून थकलो."
मग खाली गेले. माग थांबला होता.

मी रकाना भरला. पुन्हा चालवून पाहिलं.
नाव आलं.
प्रश्नचिन्ह मात्र
काढलं नाही.