तळहाताखाली

दर गुरुवारी शेवटची फेरी धक्क्याला लागली
की तिकिटांचा गल्ला मोजून
ओल्या लोकरीच्या वासासकट मी गावच्या हॉलमध्ये जातो.
टेबल-टेनिसच्या टेबलावरची जाळी काढून
आम्ही सहा जण आपापले फोटो मांडतो
वाळत घातलेल्या मासळीसारखे.

मर्डिना मकॉले, वय एकोणऐंशी.
तीस वर्षं औषधांच्या दुकानामागच्या खोलीत
साऱ्या बेटाचे रोल धुवायची.
कुणाचं लग्न हललं, कुणाच्या बाळानं नेमके डोळे मिटले,
तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक.
ती चष्मा कपाळावर सरकवते आणि वाकते.

माझा पहिला फोटो सूर्यास्ताचा.
केशरी, जांभळा,
वर घरी बसून घातलेला आणखी थोडा केशरी.
“टॉर्क्विल, समुद्र डावीकडून सांडतोय,” ती म्हणाली,
“फडकं आणू?”
सगळे हसले. मीही हसलो.
रात्री उठून क्षितिजाला पट्टी लावली.
दोन मिलिमीटर.
एवढ्यानं अख्खा अटलांटिक कलला होता,
आणि मी बावीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस.

दुसऱ्यात होत्या मेंढ्या, खडक, तळं,
लाल छपराचं घर, वर इंद्रधनुष्य.
“बाजारात काय घ्यायला गेला होतास?”
मला आठवेना.

तिसऱ्यावर तिनं काही न बोलता तळहात ठेवला.
आकाश झाकलं गेलं, अर्धा फोटो.
“काही हरवलं?”
“नाही.”
“मग एवढ्या लांबून उचलून कशाला आणलंस?”

दोन गुरुवार मी गेलो नाही.
बहिणीला म्हणालो, म्हातारीचा काळ काळापांढरा,
तिला रंगांतलं काय कळतं.
शोनाग बटाटे सोलत होती.
“तिला कळत नाही,” तिनं विचारलं, “की तुला ऐकवत नाही?”
साल एकसंध, लांब, बादलीत पडली.

मार्चमध्ये वादळानं फेऱ्या बंद.
मी पीटच्या रानात गेलो.
तिपाईच्या एका पायाचं रबर कधीच पडलंय,
तिथं बाटलीचं बूच.
पाऊस आडवा येत होता.
कॅमेरा पिशवीतच ठेवला, आधी नुसता चाललो,
मग एक डोळा मिटून तळहात समोर धरला.

आकाश झाकलं. काही गेलं नाही.
डोंगर झाकला. काही गेलं नाही.
बंद पडलेली शाळा झाकली,
तरी काही गेलं नाही.
वाईट वाटलं. तिथं मी पाढे शिकलो,
तिथंच एकदा चड्डीत मुतलो.
पण फोटोला यातलं काही माहीत नव्हतं.

मग झाकलं चरातलं पाणी
आणि सगळं विझलं.

चरापाशी गुडघ्यांवर बसलो.
एक तास चाळीस मिनिटं,
भिंग गंजीला पुसत, स्वतःला शिव्या देत.
उजेड आला तो इतकाच,
बाहेर कोण आहे बघायला कुणी दार उघडावं
आणि लगेच लावून घ्यावं.

गुरुवारी टेबलावर एकच फोटो ठेवला.
केशरी नाही. मेंढी नाही.
कापलेल्या पीटची काळी कड,
आणि खाली पाण्याची एक रेघ, पातेल्याच्या काठासारखी.

मर्डिना वाकली.
किटली शिट्टी घालत होती, कुणी उठलं नाही.
तिचा हात वर आला, फोटोवर थांबला,
डावीकडे गेला,
उजवीकडे गेला,
टेकायला जागा शोधत राहिला.
मग मांडीवर परतला.

मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

“उजव्या कोपऱ्यात कुंपणाचा खांब घुसलाय,” ती म्हणाली.
“पुढच्या वेळी दोन पावलं डावीकडे.
आणि ती किटली उतरवा कुणीतरी.”

खिशात एक न खपलेलं तिकीट होतं.
त्याच्या पाठीवर लिहिलं:
दोन पावलं.
डावीकडे.