बाह्य रंग

सोहार बंदराच्या दवाखान्यात, औषधांच्या फ्रिजशेजारी
एक टेबल मला दिलंय. त्यावर यंत्र:
चपलांच्या खोक्याएवढं, पुढून एक भोक,
भोकात निळा उजेड.
तळहात ठेवायचा. तीस सेकंद हलायचं नाही.
सुई नाही, रक्त नाही, म्हणून रांग मोठी.

उजेड कातडीत फार खोल शिरत नाही.
बहुतेक सगळा जसा गेला तसाच परततो,
एखादाच कण परतताना हिरवट झालेला.
त्या एखाद्यावरून मी सांगते
गेल्या महिना-दीड महिन्यात
तुम्ही गाजर, भोपळा, पालेभाजी किती खाल्लीत.
काल नव्हे. कालचं पोटाला ठाऊक.
कातडीला उशिरा कळतं
आणि ती विसरतेही उशिरा.

टेकबहादूर, क्रेनवर: चौदा हजार.
मुजीबुर, साखळदंड घासतो: अकरा.
मेसमध्ये काय असतं?
भात, डाळ, कोंबडी. शुक्रवारी जास्त कोंबडी.
आकडा सांगताना चेहरा साधा ठेव,
डॉक्टर बसमांनी पहिल्याच दिवशी बजावलंय.

रोज सकाळी यंत्र तपासायला पहिला हात माझा.
रजेवरून परतले तेव्हा एकोणचाळीस हजार:
चोपड्याला बहिणीकडचं गंगाफळ,
शेवग्याचा पाला, अंबाडी,
ताटात न विचारता पडलेली दुसरी वाढ.
मग छत्तीस. एकतीस. सव्वीस.
या आठवड्यात बावीसवर थांबलेय.
रेघ इतकी सरळ उतरली
की अहवालात आलेख म्हणून शोभेल.
दिला नाही.

मंगळवारी याकूब मापारी आला. वेल्डर, दाभोळचा.
एक लाख बारा हजार.
पुन्हा ठेवा हात. लाख बारा.
दुसरा ठेवा. लाख चार.
एवढा भोपळा माणसाला खाता येत नाही.
भिंग पुसलं, वायर काढून लावली,
मग त्याचा हात खिडकीशी नेऊन पाहिला.
नखांच्या कडेला, रेषांच्या चिरांत
पिवळं.

हळद?
"होय बाय. ऐतवारी निका झाला.
सोमवारचं विमान. रजा चारच दिवस."
आणि टिकली कशी?
"कामावर हातमोजे असतात ना."

निळ्या उजेडात हळद स्वतःच पेटते,
एवढी, की आतून येणारा तो एखादा कण
तिच्या गलबल्यात सापडत नाही.
नियम सरळ आहे: मेंदी, शाई, हळद, हात बाद.
शेऱ्यात लिहायचं, बाह्य रंग.

"धुऊन येऊ?" त्यानं विचारलं,
आणि खुर्चीतून उठला नाही.
नको, म्हटलं. पुढच्या महिन्यात या.
"तोवर जाईल?"
दहा-बारा दिवसांत. वरची मेलेली कातडी झडते, तिच्याबरोबर.
मेलेली म्हणायला नको होतं.
तो हात उलटा करून बघत राहिला
आणि मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

मग म्हणाला, तो आकडा परत आणा ना पडद्यावर.
आणला. त्यानं मोबाईलवर फोटो काढला,
नीट आला नाही, परत काढला.
"शाहिस्ताला धाडतो. सांगतो,
यंत्राला मोजायला जमलं नाही."
बरोबर सांगताय, मी म्हटलं. अगदी तसंच आहे.

त्याच्या रकान्यात आडवी रेघ मारली.
शेरा लिहिला.
'बाह्य' हा शब्द जरा मोठा पडला, ओळीबाहेर गेला.

पुढचे या.
हात पुसून ठेवा.