मंगळवारी, दोन ते चार

डार्लिंग्टनच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
गळक्या रेडिएटरशेजारचं टेबल माझं.
कॅटरिकच्या छावणीतून सुटलेली माणसं येतात.
पावणेदोनलाच येतात
आणि दोन वाजेपर्यंत जिन्यात उभी राहतात.

वेन हॅक्सबी. कॉर्पोरल. चौदा वर्षं.
बायोडेटा एक पान, त्यातलं अर्धं कोरं.
"ट्रक चालवले, बाई. बस्स."
किती ट्रक?
"बावीस."
त्या बाविसांचं डिझेल, टायर, जेवणं,
रात्रीचा रस्ता कोण बघायचं?
"वी," म्हणाला.
वी म्हणजे कोण?
खाली पार्किंगमध्ये कुणीतरी वाकडी गाडी लावत होतं,
ती सरळ होईपर्यंत तो बघत राहिला.
"वी म्हणजे... वी."

त्याच्या भाषेत हा एकच शब्द.
माझ्याकडे दोन आहेत:
आम्ही, ज्यात समोरचा नसतो,
आणि आपण, ज्यात तो असतो.
मुलाखत घेणाऱ्यांना दोन्ही चालत नाहीत.

मग सगळ्यांना सांगते तेच सांगितलं.
हुद्दा काढा. ऑफिसातल्या पोरीला
लान्स कॉर्पोरल म्हणजे भालाफेक वाटते.
पाच-पाच अक्षरांची ती संक्षिप्त नावं फोडून लिहा.
'हुकूम' नको, 'समन्वय' लिहा.
हो, मलाही तो शब्द गुळमट लागतो, तरी लिहा.
खुर्चीत टेकून बसा, तपासणीला कुणी येत नाहीये.
'सर' एकदाच.
पगार विचारला तर आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं.
गप्प बसणं तुम्हाला येतं.
नकार आला तर तो कागदाला आला, तुम्हाला नाही.
(या गावात मी एकोणसाठ अर्ज केले होते.
चाळिसाव्यानंतर हे वाक्य मलाही पटेना.)
आणि 'वी' खोडा. 'आय' लिहा.

त्याचं बोट त्या एका अक्षरावर अडलं.
"सतरा नंबरचा ट्रक डगी चालवायचा," म्हणाला.
पुढे काही बोलला नाही.
रेडिएटरखालच्या डब्यात थेंब पडत होते.
मी म्हटलं, आकडा बावीसच ठेवू.
एकवीस करायचा नाही.
त्यानं मान हलवली, टाइप केलं,
मग रुमालानं कीबोर्ड पुसला, का कोण जाणे.

माझे वडील हवालदार होते.
लडाखात अख्ख्या पलटणीचं रेशन त्यांच्या डोक्यात असायचं,
मिठाच्या शेवटच्या पोत्यापर्यंत.
पेन्शनीत आले आणि कराडच्या एका पतपेढीच्या दारात
दुनळी बंदूक घेऊन एकोणीस वर्षं उभे राहिले.
शिपायापासून चेअरमनच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांना सलाम.
आत वहीत हिशेब चुकायचे,
ते बाहेरून ऐकायचे, तोंडी दुरुस्त करायचे, मनातच.
नोकरीच्या अर्जात 'अनुभव' पुढे चार ओळींची जागा होती.
त्यात एकच शब्द होता: फौज.
माझ्या अक्षरातला. मी सातवीत होते,
अक्षर चांगलं म्हणून मला लिहायला बसवलं होतं.
"अजून काय लिहू?" असं मी विचारलं नाही.

हे वेनला सांगितलं नाही. चार वाजले होते,
आणि जिन्यात अजून एकजण ताठ उभा होता.

तीन आठवड्यांनी बसथांब्यावर त्याचा मेसेज आला.
ॲक्लिफच्या पावाच्या कारखान्यात
पहाटेच्या गाड्यांचं वेळापत्रक त्याच्याकडे.
तीनच शब्द: वी गॉट इट.

एवढं घोकून घेतलं, तरी पुन्हा 'वी'च.
मनातल्या मनात मराठी करायला गेले आणि थांबले.
त्यात डगी होता का? मी होते का?
आम्हाला की आपल्याला?
सव्वाचारची बस आली, गेली.
मी अजून उत्तर टाइप करत होते.