मोरचूद

ताटं उचलायच्या आधीच
प्रभंजननं टेबलावर नकाशा पसरला.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर माझा चष्मा,
नाहीतर युरोप सारखा गुंडाळला जातो.

सप्टेंबरातले अकरा दिवस.
फ्लॅटचे हप्ते फिटलेत, मुलगी बंगळुरात,
आता फक्त कुठं, एवढंच ठरवायचंय.

टस्कनी, तो म्हणतो, टेकड्या आहेत.
टेकडी खिडकीतून दिसतेय की, मी म्हणते.
खरंच दिसत असते वेताळ टेकडी,
अंधारात पाठ करून बसलेली.
मग दोरू, मग मोझेल, मग मोझेलच्या उच्चारावरून वीस मिनिटं.
या घरात आधी उच्चार, वाईन नंतर.
नाशिक नको. सकाळी निघून दुपारी पोचतो,
ती सुट्टी धरत नाहीत.

बाणेरला चार शनिवार क्लास केलाय त्यानं.
पेला फिरवतो, डोळे मिटतो,
ओल्या लाकडाचा वास येतो म्हणतो.
मला चिंचेचा येतो. मी सांगत नाही.

मग त्याचं बोट समुद्राकडं सरकतं
आणि बोर्डोवर थांबतं.

नारायणगाव. एसटी स्टँडमागं अण्णांचं दुकान.
छाटणी झाली की माणसं दारातूनच ओरडायची,
औटीशेठ, बोर्डो किती टक्क्याचं मारू?
एक टक्का. चुना वेगळा कालव, मोरचूद वेगळा,
मग एकत्र ओत. आणि विळा बुडवून बघ.
पात्यावर तांबं चढलं तर चुना कमी पडला.
कागदाच्या पुडीतला तो निळा खडा
मला खडीसाखरेपेक्षा देखणा वाटायचा.
अण्णांची नखं दिवाळीपर्यंत निळी,
दूधभात कालवताना मी तेवढंच बघायची.

आम्हाला वाटायचं, बोर्डो कुणीतरी साहेब असेल,
टोपीवाला, औषध शोधणारा.
त्या नावाचं गाव असेल, त्याला नदी असेल,
हे अण्णांनाही ठाऊक नव्हतं.
गेले तेव्हाही नव्हतं.

हे जाऊया, मी म्हणते.
बोर्डोच का?
तिकीट स्वस्त आहे.
तो पेन्सिलीनं गोल करतो, जरा वाकडा,
अर्धा समुद्रात.

रात्री दिवा मालवल्यावर विचारते,
फ्रेंचमध्ये विळ्याला काय म्हणतात रे?
तो कूस बदलतो.
तुला नक्की वाईनच प्यायचीय ना?