निरंक

माझ्या स्क्रीनवर रेघ एका पिक्सेलची, करडी.
कळमन्याच्या आडत कचेरीत तीच दुहेरी झालेली,
दोन शेजाऱ्यांनी आपापली भिंत बांधावी
अन् मधे मांजराएवढा बोळ सोडावा, तशी.

आणि मृग बहाराच्या खाली,
जिथं मे महिन्यात भावच नाही,
तिथं रेघही नाही. नुसतं पांढरं.

बोकडे मुनीमांनी चष्मा कपाळावर सारला.
‘काहून बाप्पा, या घराले भिंती नाई का?
माल नाई आला म्हणून घरच पाडता का तुमी?’

मी म्हणालो, हा ब्राउजर जुना आहे,
रिकाम्याला मोजत नाही.
दुसरा मोजतो. तिसराही मोजतो, पण जाड मोजतो.
‘म्हणजे वावर एक अन् पटवारी तीन,’
म्हणून त्यांनी खुर्ची कूलरकडे फिरवली.

रात्री त्रिमूर्तीनगरात, गच्चीवर, लॅपटॉप मांडीवर,
मी त्या घरात एक जागा ठेवली
न दिसणारी, न तुटणारी.
चारही भिंती उभ्या राहिल्या.

सकाळी मुनीम वाकून बघत राहिले.
‘आत काय लिवलं?’
काही नाही.
त्यांनी लाल बही उघडली.
ओळीमागून ओळ, शाईनं, तिरपं:
निरंक. निरंक. निरंक.
‘काई नाई, हेबी लिवा लागते.’

मी लिहिलं.
रेघ त्यांच्याकडे अजून जाडच दिसते.
कूलरमधलं पाणी संपलं होतं;
त्यांनी मलाच बादली दिली.