पाणी उकळेपर्यंत

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या वहीत
एका दिवसाला एकच चौकोन.
त्यात एक आकडा लिहायचा,
उणे पाच ते अधिक पाच.
मंगळवारी सकाळी आठाच्या आतच
माझा चौकोन भरून
बुधवारात सांडला होता.

सहाला उठले तेव्हा
हाप्सालूची खाडी गोठलेली,
हंस अजून आलेले नव्हते,
आणि मला ते पुरेसं होतं.
म्हणजे दूध उतू जाताना भांड्याला
जितकं पुरेसं असतं, तितकं.
सव्वासातला बहिणीला तार्तूला फोन लावला:
उर्वे, रविवारी सगळे या, शेजाऱ्यांनाही आणा,
मी स्वयंपाकघर पिवळं रंगवतेय.
रंग आणायला निघालेसुद्धा.
डाव्या बुटाची नाडी सापडेना
आणि तिथेच, दाराशी,
पायाखालचं सगळं गेलं.

नाडीमुळे नाही.
हे मला कधीच नीट सांगता येत नाही.
नाडी तिथे होती, एवढंच.

ताइवो बर्फ काढायच्या गाडीवरची रात्रपाळी करून आला.
एक बूट घालून फरशीवर बसलेली बायको पाहून
काय झालं, असं तो आता विचारत नाही.
किटली ठेवतो आणि म्हणतो,
"पाणी उकळेपर्यंत."
पूर्वी मला राग यायचा,
माझ्या रडण्याला याने किटलीचं माप लावलं म्हणून.
पण किटली वाजायच्या आत
मी त्याच्या टोपीवरच्या बर्फाला हसत होते,
आणि चहा गाळेस्तोवर
त्या हसण्याचीच लाज वाटून
बाथरूमची कडी लावली होती.

मी शाली विणते.
आमच्या गावची शाल अंगठीतून आरपार निघावी लागते,
त्यासाठी हात एकसारखा हवा,
आठवडेच्या आठवडे एकाच बाईचा हात.
माझ्या शालीत बघा:
इथे, तिसऱ्या कळीपाशी, टाके इतके सैल
की बोट जाईल. तेव्हा मी गात असणार.
दोनच ओळी वर असा करकचून ताण
की सुई वाकली होती.
मग पुन्हा सैल. मग एक टाका गळलेला,
तो कुठल्या मी-ने गाळला, आठवत नाही.
दुकानातली हेल्वी शाल उजेडात धरून म्हणाली,
"यावर किती जणींचा हात आहे?"
मी म्हणाले, मोजलं नाही.

लोक म्हणतात, घडीत तोळा, घडीत मासा.
म्हणू देत.
पण तोळा असतो तेव्हा पुरता तोळा असतो हो,
तराजूला विचारा.
आणि मासा असतो तेव्हा
तेवढंसुद्धा वजन उचलवत नाही.

मेरिली नऊ वर्षांची आहे.
शाळेतून आली की बूट काढण्याआधी
उंबऱ्यावरून माझा चेहरा बघते,
खाडीवर पाय टाकण्याआधी
बर्फाची जाडी बघतात तसा.
हे तिला कोणी शिकवलं, विचारू नका.
आज तिने बघितलं, थांबली,
दप्तर खाली ठेवून पुन्हा बघितलं,
आणि म्हणाली, "आई, आता चालेल ना?"
मी म्हणाले, कडेकडेने ये.
ती खरंच भिंतीला धरून, पाय घासत, आली.
दोघी हसलो. किती वेळ, ते वहीत नाही.

संध्याकाळी शाल धुतली,
चौकटीवर ताणून टाचण्या लावल्या.
ओल्या लोकरीत घट्ट टाके सैल टाक्यांकडून
थोडं थोडं मागून घेतात रात्रभर.
सगळं मिळत नाही.
उद्या वाळली की अंगठीतून ओढून बघू.
अडकली तर मी ती पांघरेन,
थंडीला अंगठीशी काय करायचंय.

चौकोन रिकामाच होता.
पेन्सिल घेऊन बसले. अधिक दोन लिहिलं,
खोडलं. कागद तिथे पातळ झालाय.
ताइवो कामावर निघायच्या तयारीत,
एक हात कोटात, दुसऱ्याने किटली भरतोय.
काही बोलला नाही.
पाणी अजून गार आहे.